मध्ययुगीन युरोपातला किल्ला कसा वाचायचा? वेल्समधल्या कॉन्वीच्या निमित्ताने

सह्याद्रीतले गड पायाखाली घातलेला माणूस युरोपातल्या किल्ल्यावर गेला की हटकून तटबंदीची उंची मोजतो, तोफा कुठे आहेत विचारतो आणि अर्ध्या तासात फोटो काढून बाहेर पडतो. त्यात त्याचा दोष नाही. माहितीफलकसुद्धा बहुतेक वेळा वेढे आणि लढायांबद्दलच बोलतात. पण तिथला किल्ला वर्षानुवर्षं लढाईविना उभा असे. तो एखाद्या राजाचं किंवा सरदाराचं घर होता, कचेरी होती, धान्याचं कोठार होतं. ते घर आज दिसत नाही, कारण त्यातलं जवळपास सगळं लाकडी होतं आणि लाकूड राहिलं नाही. दगडात उरल्या त्या खाचा, भोकं आणि पुढे आलेले टोकदार दगड. त्यांवरून हरवलेलं घर मनात पुन्हा उभं करता आलं, तर किल्ला पाहिला म्हणायचं. ते कसं करायचं, हे इथे टप्प्याटप्प्यानं सांगतो.

उदाहरण म्हणून उत्तर वेल्समधला कॉन्वी घेतो. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानं वेल्स जिंकल्यावर १२८३ ते १२८७ या काळात तो बांधला. मुख्य स्थपती होता आल्प्सकडच्या सव्हॉय प्रांतातून आलेला मास्टर जेम्स ऑफ सेंट जॉर्ज. किल्ला आणि गावाची तटबंदी मिळून सुमारे १५,००० पौंड खर्च झाला. कॉन्वी, कार्नार्व्हन, हार्लेक आणि बोमारिस हे चार किल्ले १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

पायरी १ : निघण्यापूर्वी काळ ठरवा

किल्ला कोणत्या शतकातला हे ढोबळमानानं ठाऊक नसेल, तर समोर दिसणाऱ्या गोष्टींचा अर्थ लागत नाही. इंग्लंड-वेल्सपुरता एक कच्चा हिशोब सांगतो. १०६६ मध्ये फ्रान्समधून नॉर्मन लोक आले, तेव्हा घाईघाईनं मातीचा उंचवटा करून त्यावर लाकडी बुरुज उभारत. अकराव्या शतकाच्या अखेरीपासून आणि बाराव्या शतकात जाड भिंतींचे चौकोनी, उंच दगडी मनोरे आले. लंडनचा व्हाइट टॉवर, डोव्हर आणि रोचेस्टर ही त्यांची उदाहरणं. तेराव्या शतकात गोल बुरुज आणि जबरदस्त दरवाजे आले. चौदाव्या-पंधराव्या शतकात मोठ्या खिडक्या, पाण्याचे शोभिवंत खंदक आणि मिरवण्याची हौस वाढली.

चौकोनी मनोऱ्याचा कोपरा हा दुबळा भाग का, हे रोचेस्टरला गेलात तर डोळ्यांनी दिसेल. १२१५ मध्ये जॉन राजानं वेढा घातला, कोपऱ्याखाली भुयार खणलं, त्याला लाकडी टेकू दिले आणि ते टेकू पेटवायला चाळीस लठ्ठ डुकरं मागवली. चरबीनं आग भडकली, टेकू जळले आणि कोपरा खाली आला. पुढे तो गोल बांधला. आज त्या मनोऱ्याचे तीन कोपरे चौकोनी आहेत आणि एक गोल.

आपल्याकडचे बहुतेक प्रसिद्ध गड आज ज्या रूपात दिसतात, ते तोफा-बंदुकांच्या काळातलं आहे. कॉन्वी त्याच्या कितीतरी आधीचा. त्यामुळे तिथल्या उभ्या, अरुंद जंग्या धनुष्य आणि क्रॉसबोसाठी आहेत, आणि तोफगोळ्यांची फिकीर नसल्यानं भिंती उंचच उंच नेल्या आहेत.

पायरी २ : तिकीट काढण्याआधी बाहेरून फेरी मारा

कॉन्वीत गावाच्या तटबंदीवरून फुकट चालता येतं. ती सुमारे १.३ किलोमीटर लांब आहे, तिला २१ बुरुज आणि तीन मूळ दरवाजे आहेत. किल्ला आणि गाव एकाच आराखड्यात आखलं होतं. आत वस्ती मुद्दाम आणलेल्या इंग्रज लोकांची होती, आणि जिथे हे सगळं उभं राहिलं तिथला मठ राजानं उठवून दुसरीकडे हलवला. विजेत्याचा हेतू तटावरून जितका स्पष्ट दिसतो, तितका किल्ल्याच्या आत दिसत नाही.

बाहेरून तीन गोष्टी शोधा.

पहिली म्हणजे पाणी. कॉन्वी नदीच्या मुखाशी आहे, हार्लेकच्या पायथ्याशी तेव्हा समुद्र होता (आता तो बराच मागे हटला आहे), बोमारिसला खंदकातून थेट गलबत आणायचा धक्का आहे. डोंगराळ, शत्रूच्या मुलखात रस्त्यानं रसद येईल याचा भरवसा नव्हता. जहाज मात्र येऊ शकत होतं.

दुसरी गोष्ट भिंतीवरची भोकं. मुठीएवढी किंवा थोडी मोठी, ठरावीक अंतरावर असलेली ही भोकं परांचीची आहेत. लाकडी वासे त्यांत खुपसून गवंडी वर चढत. सहसा ती आडव्या ओळीत दिसतात. कॉन्वीच्या आणि हार्लेकच्या बुरुजांवर मात्र ती तिरकी, बुरुजाला वळसा घालत वर चढतात. म्हणजे परांची हाच एक गोल चढाव होता आणि त्यावरून दगड वर ओढत नेता येत. ही पद्धत सव्हॉयकडची, मास्टर जेम्सबरोबर आलेली. कागदपत्रं नसती तरी कारागीर कुठून आले, याचा माग या भोकांवरून लागला असता.

तिसरी गोष्ट चुना. हा करडा किल्ला मुळात पांढरा होता. बाहेरून चुन्याचा हात दिलेला होता आणि नीट पाहिलं तर त्याचे पापुद्रे अजून काही जागी चिकटलेले दिसतात. उन्हात चमकणाऱ्या पांढऱ्याशुभ्र किल्ल्याची कल्पना केली की उदास अवशेषांचं ते रम्य चित्र मोडतं. मला ते मोडलेलं बरं वाटतं.

गावाच्या दक्षिण तटावर बाहेर झुकलेले बारा शौचकूप एका रांगेत आहेत, तेही चुकवू नका. राजाच्या कचेरीतल्या कारकुनांची ही सोय. एवढ्या कारकुनांची गरज होती, यावरूनच राज्यकारभार किती कागदी झाला होता ते कळतं.

पायरी ३ : दरवाजात पाच मिनिटं थांबा

बहुतेक लोक दरवाजातून घाईनं आत जातात. तिथे थांबून क्रमानं पाहा.

वर पाहा. कॉन्वीच्या पश्चिम दरवाजावर भिंतीतून पुढे आलेल्या दगडांवर सज्जा आहे, त्याच्या तळाला फटी आहेत. खाली आलेल्या शत्रूवर तिथून दगड टाकता येत. या प्रकारच्या दगडी सज्जांपैकी ब्रिटनमध्ये शिल्लक असलेल्या सर्वांत जुन्यांत याची गणना होते.

बाजूच्या भिंतींकडे पाहा. समोरासमोर उभ्या खाचा दिसल्या तर तिथे वरून खाली सोडायचा लोखंडी पत्रा ठोकलेला जाळीदार दरवाजा होता. खाचा मोजल्या की असे किती दरवाजे होते ते कळतं. कार्नार्व्हनच्या किंग्ज गेटचा आराखडा पाच दारं आणि सहा जाळीदार दरवाजांचा होता. तो कधी पुरा झाला नाही.

मग अडसराचं भोक शोधा. हे आपल्या ओळखीचं. दाराच्या मागे भिंतीत खोलवर गेलेला चौकोनी बोगदा, त्यात जाड वासा सरकवून ठेवलेला असे. हे भोक दाराच्या ज्या बाजूला, ती आतली बाजू. ही एक युक्ती लक्षात ठेवली की किल्लाभर उपयोगी पडते. आतल्या बुरुजांच्या छोट्या दारांनाही अडसर असेल, तर तो बुरुज एकटा लढवायची तयारी होती असं समजा. अडसर नसेल तर ती साधी खोली.

एवढ्या खर्चाचा दरवाजा १४०१ मध्ये कसा पडला, तेही ऐका. गुड फ्रायडेच्या दिवशी शिबंदीतले बहुतेक लोक गावातल्या चर्चमध्ये प्रार्थनेला गेले होते. किल्ला घेणारे होते इंग्रजांविरुद्धच्या ओवेन ग्लिनडूरच्या वेल्श बंडातले ऱ्हिस आणि ग्विलिम हे ट्यूडर बंधू. त्यांच्या लोकांनी सुतारकामाला आल्याची बतावणी केली, पहारेकऱ्यांना मारलं आणि किल्ला घेतला.

पायरी ४ : चौकात उभं राहून लाकूड परत बसवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कोणत्याही बुरुजाच्या आत, तळाशी उभं राहून वर पाहिलं तर पोकळ विहिरीसारखं दिसतं. भिंतीच्या अधेमधे, कुणाचा पाय पोचणार नाही अशा उंचीवर शेकोटीचा कोनाडा लटकलेला असतो. हवेत शेकोटी कोण पेटवणार? तिथे जमीन होती, ती गेली.

शेकोटीच्या थोडं खाली, त्याच पातळीवर नजर फिरवा. चौकोनी भोकांची रांग दिसेल, किंवा भिंत तिथे वीतभर आत सरकलेली दिसेल, किंवा पुढे आलेल्या दगडांची ओळ. यावर तुळया टेकत. त्यांवर फळ्या. जुन्या वाड्यातला कडीपाट पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. अशा रांगा खालून वर मोजल्या की बुरुजात किती मजले होते ते निघतं.

आता एकेक मजला वाचा. खालच्या मजल्याला फक्त अरुंद फटी असतील आणि शेकोटी नसेल, तर ते कोठार. शेकोटी आणि जवळच भिंतीत वळणारा, टोकाला भोक असलेला बोळ म्हणजे शौचकूप, असं दोन्ही असेल, तर कुणीतरी बऱ्या दर्जाचं माणूस तिथे राहायचं. खिडकीच्या जाड भिंतीत दोन्हीकडे दगडी बाकं असतील, तर उजेडात बसून वाचणं, शिवणं, बोलणं तिथे चालायचं. खिडकीच्या कमानीत नक्षी असली तर मालक किंवा पाहुणा आणखी मोठा. मध्ययुगात उजेड, ऊब आणि एकांत ही श्रीमंतीची मापं होती. तिन्हींच्या खुणा दगडात टिकल्या आहेत.

छप्पर कुठे होतं? भिंतीवर उलट्या व्ही आकाराची तिरकी रेघ किंवा खाच शोधा. ती छपराच्या उताराची. ती रेघ अनेकदा भिंतीच्या माथ्यापेक्षा बरीच खाली असते. म्हणजे भिंत मुद्दाम उंच ठेवून छप्पर आगीच्या बाणांपासून लपवलं होतं.

कॉन्वीच्या बाहेरच्या चौकात उजव्या हाताला मोठा दिवाणखाना आहे, खडकाच्या कडेप्रमाणे वाकलेला. त्यावर उभी एकुलती एक दगडी कमान पाहून लोकांना वाटतं ती मूळची. ती मूळची नाही. पहिलं लाकडी छप्पर साठएक वर्षांतच कुजलं, म्हणून १३४० च्या दशकात दगडी कमानी घातल्या. त्यातली ही एक उरली. राजाचा किल्ला असूनही देखभालीला पैसे मिळत नसत, हे त्या कमानीवरून कळतं.

अशा कोणत्याही दिवाणखान्यात ‘वरचं’ आणि ‘खालचं’ टोक ओळखायला शिका. वरच्या टोकाला मालकाचं मेज असे, चौथऱ्यावर. तिथे सगळ्यात मोठी खिडकी आणि मालकाच्या खासगी खोल्यांकडे जाणारं दार. खालच्या टोकाला आडव्या भिंतीत पुष्कळदा तीन दारं शेजारीशेजारी दिसतात. एक दारूच्या कोठीचं, एक पावाच्या कोठीचं, मधलं मुदपाकखान्याकडे जाणाऱ्या बोळाचं. हे त्रिकूट दिसलं की पुढचं सगळं सरळ आहे. वाढपी इकडून शिरत, ताटं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लांबवर मिरवत नेत. कोण कुठे बसतो यावर तुमची पत ठरत असे.

मग हे सगळं लाकूड गेलं कुठे? काही कुजलं. १६४६ मध्ये इंग्लंडमधल्या यादवी युद्धात कॉन्वी शरण आला, पुढे मुद्दाम निकामी केला गेला आणि १६६५ मध्ये उरलंसुरलं शिसं आणि लोखंड काढून विकलं. छपरावरचं शिसं गेलं की पाऊस बाकीचं काम करतो.

आतल्या चौकात राजाच्या खोल्या आहेत आणि चॅपल टॉवरमध्ये जाड भिंतीत कोरून काढल्यासारखं छोटं, सुबक प्रार्थनास्थळ. त्याच्या शेजारच्या कप्प्यातून राजाला आडोशानं प्रार्थनेत भाग घेता येई. आतल्या चौकाच्या चारही बुरुजांवर टेहळणीचे जादा मनोरे आहेत, बाहेरच्या चारांवर नाहीत. दुरून पाहणाऱ्यालाही राजा किल्ल्याच्या कोणत्या भागात राहतो ते कळावं, अशी ही व्यवस्था.

पायरी ५ : माणसं, पाणी, धान्य

एवढ्या अवाढव्य किल्ल्यात हजारभर सैनिक असतील असं वाटतं. कॉन्वीची नेमून दिलेली शिबंदी होती ३० माणसांची. त्यात १५ क्रॉसबोवाले, शिवाय एक पाद्री, एक सुतार, एक गवंडी, एक लोहार अशी माणसं. दगडी भिंतींवर पैसा ओतायचा तो पगारावरचा खर्च वाचावा म्हणूनच.

विहीर शोधा. कॉन्वीत ती दोन चौकांमधल्या भिंतीजवळ आहे, सुमारे २८ मीटर खोल, खडकात खोदलेली. मग विचार करा, वेढ्यात आधी काय संपेल? १२९४-९५ च्या हिवाळ्यात मॅडॉग ॲप लूएलिनचं बंड झालं तेव्हा खुद्द एडवर्ड राजा कॉन्वीत अडकला. पुरानं नदी दुथडी वाहत होती, सैन्य पलीकडे, रसद मागे राहिलेली. पाणी होतं, अन्नाची मारामार होती. शेवटी समुद्रमार्गानं मदत आली. पूर्वेच्या टोकाला गेलात की नदीकडे उतरणारी वाट का बांधली होती हे वेगळं समजवावं लागणार नाही.

पायरी ६ : गाइडच्या गोष्टी चाळणीतून काढा

तीन गोष्टी सगळीकडे ऐकू येतात.

उकळतं तेल. तेल महाग होतं. दरवाजावरच्या भोकांतून दगड, तापलेली वाळू, गरम पाणी टाकता येई, आणि लाकडी दाराला लावलेली आग विझवायला थंड पाणीही.

उजवीकडे वळणारे जिने. वरून उतरणाऱ्या रक्षकाला तलवार चालवायला जागा मिळावी म्हणून जिने घड्याळाच्या काट्यांप्रमाणे चढतात, असं ठामपणे सांगतात. मध्ययुगातल्या कोणत्याही लेखनात याला आधार नाही, ही कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पसरली. कार्नार्व्हनमध्ये उलटे वळणारे जिनेही आहेत. शत्रू तुमच्या जिन्यापर्यंत पोचला असेल तर किल्ला एव्हाना गेलेलाच असतो.

अंधारकोठडी. ‘इथे कैदी सडवत’ म्हणून दाखवलेल्या निम्म्याअधिक जागा कोठारं किंवा शौचकूपाचे खड्डे असतात. तळघरात उतरायला दार आहे का, अडसर कोणत्या बाजूनं आहे, हे तपासा. कॉन्वीच्या प्रिझन टॉवरमध्ये मात्र खरोखर खोल, जवळजवळ उजेड नसलेली कोठडी आहे.

आणखी एक सावधगिरी. जे जुनं दिसतं ते जुनंच असेल असं नाही. कॉन्वीच्या पायथ्याशी १८२६ चा झुलता पूल आणि शेजारचा रेल्वेपूल आहे. दोघांना किल्ल्याला शोभतील असे चर्या असलेले मनोरे दिले आहेत, आणि दुरून ते किल्ल्याचाच भाग वाटतात. फ्रान्समधल्या कार्कासोनची निमुळती छपरं एकोणिसाव्या शतकातल्या डागडुजीतली आहेत. दगडाचा रंग, कडांची धार आणि सांध्यातलं सिमेंट पाहून नवं काम ओळखता येतं.

पायरी ७ : ढाली वाचा

दगडात कोरलेल्या ढाली म्हणजे घराण्यांची चिन्हं. कॉन्वीत यासाठी फारसं काही नाही. ससेक्समधल्या बोडियमला जा. १३८५ मध्ये फ्रेंच हल्ल्यांच्या भीतीचं कारण देऊन सर एडवर्ड डॅलिंग्रिगनं राजाचा परवाना मिळवला आणि भोवती तळं असलेला हा देखणा किल्ला बांधला. मुख्य दरवाजावर तीन ढाली कोरल्या आहेत. मधली त्याच्या घराण्याची, बाजूच्यांपैकी एक पत्नीच्या वॉर्डेडिउ घराण्याची. बोडियमची जहागीर लग्नातून आली होती, आणि ते दारावरच सांगून टाकलं आहे. मागच्या दरवाजावर सर रॉबर्ट नोलिस या सेनानीची ढाल आहे. त्याच्या हाताखाली डॅलिंग्रिग फ्रान्समध्ये लढला होता आणि तिथल्या लुटीवर गबर झाला होता.

ढाल वाचायचा क्रम असा. आधी पार्श्वभूमीचा रंग, मग तिच्यावरची मोठी पट्टी किंवा क्रूस, शेवटी सिंह, फुलं, तारे. डावं-उजवं ढाल धरणाऱ्याच्या बाजूनं मोजायचं, म्हणजे पाहणाऱ्याच्या उलट. सोनेरी-रुपेरी हे धातू आणि लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. धातूवर धातू आणि रंगावर रंग टाकायचा नाही, कारण लांबून रणांगणात ओळख पटायला हवी. कोरीव दगडावरचा मूळ रंग बहुतेक उडालेला असतो, तेव्हा आकारावरच भागवावं लागतं.

इंग्लंडच्या राजाची ढाल तर काळही सांगते. नुसते तीन सिंह असतील तर १३४० पूर्वीची शक्यता जास्त. त्या वर्षी तिसऱ्या एडवर्डनं फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगत चार भागांपैकी दोनांत फ्रान्सची लिलीची फुलं घातली. फुलं भरपूर विखुरलेली असतील तर चौदावं शतक, फक्त तीन असतील तर पंधराव्या शतकाच्या सुरुवातीनंतरची. चर्चमधल्या थडग्यांवर आणि खिडक्यांच्या काचांवर ही खूण फार कामाला येते.

पायरी ८ : प्रवास आखताना

कॉन्वी आणि हार्लेकला किल्ल्याजवळ रेल्वे स्टेशन आहे. कॉन्वीला उतरायचं तर गाडीतल्या गार्डला आधी सांगावं लागतं. नाहीतर लॅंडुडनो जंक्शनला उतरून पूल ओलांडत चालत या. किल्ल्याचं पहिलं पूर्ण दर्शन त्या पुलावरूनच चांगलं होतं. कार्नार्व्हन आणि बोमारिससाठी बँगरहून बस. चारही किल्ले ‘काडू’ या वेल्स सरकारच्या वारसा संस्थेकडे आहेत. दोनपेक्षा जास्त पाहणार असाल तर त्यांच्या पासचा हिशोब करून बघा. हिवाळ्यात चारच्या सुमाराला अंधार पडतो आणि दारंही लवकर बंद होतात, म्हणून सकाळी जा. दगडी जिने झिजलेले आणि ओले असतात; चांगली पकड असलेले बूट, छोटी विजेरी आणि जमल्यास दुर्बीण बरोबर ठेवा. उंचावरच्या शेकोट्या दुर्बिणीशिवाय नीट दिसत नाहीत.

दिवस चारच असतील तर कॉन्वी आधी, कारण तिथे घराच्या खुणा सर्वांत जास्त आहेत. मग कार्नार्व्हन. तिथे एका बाहेरच्या फटीतून तीन धनुर्धारी तीन दिशांना बाण सोडू शकतील अशा जंग्या आहेत, त्या आत शिरून पाहा. नंतर बोमारिस. १२९५ मध्ये सुरू होऊन पैशाअभावी अर्धवट राहिलेला हा किल्ला; पुढच्या वर्षीच्या एका पत्रात मास्टर जेम्स ४०० गवंडी आणि २,००० मजूर यांच्या पगाराचे पैसे मागताना दिसतो. हार्लेक शेवटी ठेवा आणि समुद्राकडे उतरणाऱ्या शंभरावर पायऱ्यांसाठी गुडघे शाबूत ठेवा. सवड असेल तर दुसऱ्या एखाद्या वर्षी फ्रान्समधल्या बर्गंडीत गेडेलॉनला जा. तिथे १९९७ पासून तेराव्या शतकातल्या पद्धतीनं नवा किल्ला बांधत आहेत. माणूस आत चालून फिरवतो त्या चाकाच्या यारीनं दगड वर चढतात, आणि कॉन्वीत ज्यांची नुसती भोकं पाहिली त्या परांच्या आणि तुळया तिथे जागेवर बसलेल्या दिसतात.